याह्या, योहान आणि आमचा बोळ

शेवगावातल्या आमच्या बोळात समोरासमोर दहा-बारा घरं आहेत आणि प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं ठाऊक असतं. कुणी नवा कुकर आणला तर संध्याकाळपर्यंत त्याच्या शिट्टीवर चार मतं पडतात. अशा बोळात समोरच्या घरातलं बाळ पाच महिन्यांचं होत आलं तरी त्याला नाव नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. आमच्या बोळाच्या मानानं हा फार मोठा समजूतदारपणा होता.

मी बायकांचे कपडे शिवते. मशीन दाराशीच मांडलेलं असल्यामुळे बोळातलं येणंजाणं माझ्या नजरेखालून जातं. आम्ही ख्रिस्ती, समोरचं घर मुसलमानांचं. त्या घरच्या मुलाला मी लहानपणी कडेवर घेऊन फिरवलेलं आहे. आता तो टेम्पो चालवतो, नागापूरच्या कारखान्यांत माल पोचवतो. त्याला सख्खी बहीण नाही, म्हणून ते पद फार वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्याच्या लग्नात नवरानवरीचं दार मीच अडवलं होतं आणि चांगली साडी उकळल्याशिवाय सोडलं नव्हतं. बहीण झाले म्हणजे त्याच्या पोरांची आत्याही झाले. आणि आमच्याकडे घर कुठल्याही धर्माचं असो, पाळण्यातल्या बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानंच.

ते मी दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा सातव्या दिवशी, रीतीप्रमाणे, माझ्याच हातची झबली-टोपडी घालून. पहिलं बाळ महिनाभरही राहिलं नाही. दुसरं आधारानं बसायला लागलं होतं, तेव्हा तापानं गेलं. त्यांची नावं मी इथं लिहीत नाही, कारण त्यांच्या आईनं ती नावं नंतर कधीच तोंडातून काढली नाहीत.

हे तिसरं झालं तेव्हा सातव्या दिवशी मी हात धुऊन, चांगली साडी नेसून समोर गेले. तर त्याची आई दारातच मला म्हणाली, "आपा, नाव न्हाई ठेवायचं."

"आज न्हाई तर कधी?"

"कधीच न्हाई. नाव ठेवलं की जातंय ते. बिननावाचं ऱ्हाऊ दे, पन ऱ्हाऊ दे."

माझं तोंड भल्याभल्यांना आवरत नाही, पण त्या दिवशी मी गप्प घरी आले आणि साडी घडी करून ठेवली.

मग ज्याला जे सुचेल ते तो म्हणू लागला. बाप 'राजा' म्हणायचा. दूधवाला 'बारकं शेठ' म्हणायचा. बाळाच्या आजीला, जिला आम्ही सगळे चाची म्हणतो, जुन्या वळणाचा उपाय माहीत होता: ज्या घरात पोरं राहत नाहीत तिथं पोराला घाणेरडं नाव ठेवायचं, म्हणजे त्याच्यावर कुणाचा डोळा जात नाही. ती त्याला 'दगड्या' म्हणायची, आणि असं लाडानं म्हणायची की त्या दगडालाही पाझर फुटावा. आई मात्र त्याला काहीच म्हणायची नाही. 'ह्याला धरा', 'हा झोपला', 'ह्याचं दूध'. पोरगं एवढं गुटगुटीत आणि हसरं, पण आईच्या तोंडी त्याला एक हाक नाही. दाराशी मशीन चालवताना मला ते रोज ऐकू यायचं, किंवा खरं तर ऐकू यायचं नाही, आणि माझ्या जिवाला लागायचं.

पाचव्या महिन्यात एका रविवारी मी उपासनेहून आले तर बाप माझ्या उंबऱ्यावर बसलेला. म्हणाला, "अक्का, दवाखान्यात टोचायला नेलं. सगळ्या पोरांची नावं पुकारत हुते. आमचा नंबर आला तर नर्स म्हनती, 'बिननावाचं कुठंय?' त्याची आई उठली, पोराला घेतलं अन् तशीच बाहेर आली. डोस ऱ्हायला."

"मग तूच ठेव की नाव. बाप हायेस ना?"

"मी ठेवलेलं तिला पटायचं न्हाई. तू आत्या हायेस. तू असं नाव काढ, की तिला भ्या वाटणार न्हाई."

सांगायला काय जातंय! ब्लाउजचा गळा मोठा कर, बाही लहान कर, असं कुणी सांगितलं तर मला जमतं. हे काम निराळं होतं. भाचीकडून मोबाईलवर अरबी मुलांची नावं काढून घेतली. एकाचा अर्थ सिंह, दुसऱ्याचा तलवार, तिसऱ्याचा विजयी. मी म्हटलं, अगं, त्याला अजून दात आले नाहीत, तलवार घेऊन करायचंय काय? मग चंद्र झाला, सूर्य झाला, राजा झाला. भाची कंटाळून निघून गेली. त्या सगळ्या नावांना काहीतरी मोठं व्हायचं होतं. आम्हाला तेवढी हाव नव्हती. पोरगं राहिलं म्हणजे आम्हाला सगळं मिळालं.

मला माझे वडील आठवले. त्यांच्या आईची त्यांच्याआधीची पोरं जगली नव्हती, म्हणून तिनं त्यांना 'धोंड्या' म्हणायला सुरुवात केली होती. पुढे बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी योहान नाव दिलं. आजीला ते फार गुळगुळीत वाटलं. ती मरेपर्यंत धोंड्याच म्हणत राहिली. पण योहान नव्वदी ओलांडून गेले. शेवटपर्यंत आठवडे बाजाराला स्वतः चालत जायचे, वांगी दाबून बघायचे आणि भाजीवाल्याशी भांडून घरी यायचे. त्यांच्या नावात काहीतरी दम असणार असं मला वाटलं. पण समोरच्या घरातल्या पोराला योहान कसं ठेवणार? चाचीनं माझी चंपीच केली असती.

तरी विचारायला हरकत नव्हती. आमच्या बोळापुढच्या मशिदीत नमाज पढवणारे मौलवीसाहेब दुपारी नातवाच्या मोबाईलच्या दुकानात बसतात. तिथं गेले आणि सरळ विचारलं, "मौलवीसाहेब, आमच्यातल्या योहानाला तुमच्यात काय म्हणतात?"

ते हसले. म्हणाले, "याह्या. तुमच्या-आमच्या किताबांतला तो मानूस एकच हाय, बाई. म्हाताऱ्या आईबापाला लई उशिरा झालेला."

मी खुर्ची ओढून बसले. माणसाला आपल्या माहेरचं कुणी भेटावं तसं मला झालं होतं. मौलवीसाहेबांनाही गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे त्यांनी सावकाश सांगितलं. अरबी बोलणारे ख्रिस्ती लोक याच नावाला यूहन्ना म्हणतात. आपल्याकडे कुणी याह्या म्हणतं, कुणी यहया, कुणी यहिया. त्यावर मीही माझी भर घातली: गोव्याकडच्या आमच्या पाहुण्यांत एक जुवांव आहेत आणि नगरला माझ्या दिराच्या सोसायटीत एक जॉन आहे, तोही यातलाच. एवढ्या देशांत फिरून आलेलं नाव, आणि मी ते जन्मभर वांग्यांवरून भांडणाऱ्या म्हाताऱ्याचंच समजत होते.

"अन् अर्थ?" मी विचारलं. "आमच्यात सांगतात, देवानं कृपा केली."

"ते मूळच्या नावाचं. अरबीत याह्या म्हंजे जगतो."

"कोन जगतो?"

"तोच. ज्याचं नाव हाय तो. जगतो, जगत ऱ्हातो."

मी काही रडणाऱ्यांतली नाही. पण त्या दुकानात, मोबाईलच्या कव्हरांच्या समोर बसून मला रडू आलं. मौलवीसाहेबांनी नातवाला चहा आणायला पिटाळलं आणि स्वतः भिंतीकडे बघत बसले. मोठे भले गृहस्थ आहेत.

संध्याकाळी मी समोर गेले. बाप टेम्पो लावून आला होता, चाची बाजेवर, आई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी बसत नाही तोच सांगून टाकलं, कारण थांबले असते तर मलाच धीर झाला नसता.

बापानं दोनदा म्हणून बघितलं. चाचीनं तोंडात घोळवलं. "याह्या. दगड्या, धोंड्या, याह्या," ती म्हणाली. "लई गोड न्हाई वाटत. चालंल."

एवढ्या देशांतून हिंडून आलेलं नाव, पण चाचीनं ते आमच्या बोळातल्या पक्या-बंड्याच्या रांगेत नेऊन बसवलं. बाप हसायला लागला. मीही हसले. आई हसली नाही. तिच्या हातातली भाकरी परातीतच राहिली होती.

"अर्थ काय त्याचा?" तिनं माझ्याकडे न बघता विचारलं.

"जगतो."

तिनं भाकरी उचलून तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं. म्हणाली, "ठेवा. तुमी समदे म्हना. मी न्हाई म्हननार, आपा. माझ्या तोंडानं न्हाई."

बाप काहीतरी बोलायला लागला तशी मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. वाटलं होतं त्याहून हे जास्तच मिळालं होतं.

त्या शुक्रवारी पाळणा झाला. बोळातल्या सगळ्या बायका आल्या, घुगऱ्या शिजवल्या, मौलवीसाहेबांनी दुवा केली. मी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि लगेच पाठीत बुक्क्यांचा पाऊस पडला. नाव सांगणाऱ्या आत्याला बुक्के मारायची पद्धत आहेच, पण आमच्या बोळातल्या बायकांनी जुनी शिलाई उसवल्याचा रागही त्यातच काढून घेतला असावा. आठवडाभर मला मशीनवर नीट वाकता येत नव्हतं. तरी मी फार खूश होते. पाळण्याच्या पलीकडे आई उभी होती, ओढणीचं टोक दातांत धरून.

मग नावाची आमच्याकडे जी गत व्हायची ती झाली. दूधवाला 'यायाशेठ' म्हणू लागला. शेजारच्या शाळकरी पोरींनी 'याहू' केलं. बाप रंगात आला की 'यहियामियाँ' म्हणायचा. माझ्या नवऱ्यानं सासऱ्याचा मान राखायचा म्हणून सरळ 'योहान' म्हणायला सुरुवात केली आणि कुणी दुरुस्त केलं तर 'एकच आहे' म्हणून माझाच दाखला द्यायचा. पोरगं सगळ्यांकडे बघून सारखंच हसायचं. आई अजून 'ह्याला', 'हा', 'ह्याचं' म्हणत होती. टोचायला नेलं की नाव बाप सांगायचा.

पोरगं आधारानं बसायला लागलं तेव्हा आम्ही सगळेच जरा हलक्या पावलांनी वावरत होतो. चाचीनं त्या दिवसांत माझ्याकडे तीन-तीनदा काहीबाही शिवायच्या निमित्तानं चकरा मारल्या. मग ते आपलं आपण बसायला लागलं. मग रांगायला. रांगायला लागल्यावर तर त्याला घर पुरेना.

परवाचीच गोष्ट. दुपारची वेळ, मी एका परकराला नेफा घालत होते. समोर आई दारात बसून गहू निवडत होती. पोरगं तिच्या पाठीमागून निघालं, उंबरा उतरलं आणि रांगत थेट बोळात आलं. बोळाच्या तोंडाशी कुणाची तरी मोटारसायकल वळली. फार जोरात नव्हती, पण वळली.

"याह्या!"

असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. सगळ्या बोळात घुमला. मोटारसायकलवाला जागीच थांबला. चार घरांतून चार डोकी बाहेर आली. माझं मशीन थांबलं.

आणि बाळ थांबलं. दोन्ही हात मातीत टेकलेले तसेच ठेवून त्यानं मान वळवली आणि आईकडे बघितलं.

ती धावली, त्याला उचललं, छातीशी धरलं, त्याच्या हातांची माती आपल्या ओढणीला पुसली. तोपर्यंत तिच्या लक्षात आलं नव्हतं. मग आलं असावं, कारण ती बोळात मधोमध तशीच उभी राहिली आणि माझ्याकडे वळली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आपा," ती म्हणाली. "त्यानं बघितलं."

"बघनारच की," मी म्हटलं. "त्याचंच नाव हाय ते."

मोटारसायकलवाला 'माफ करा' म्हणून निघून गेला. डोकी आत गेली. चाची दाराशी आली होती, ती सांडलेले गहू गोळा करायला बसली. आईनं बाळाला खाली सोडलं. ते लगेच वळून माझ्या मशीनकडे रांगायला लागलं, कारण खालचं पायडल त्याला फार आवडतं.

"याह्या," ती हळूच म्हणाली.

त्यानं पुन्हा मान वळवली.

मग ती तिथंच, भर दुपारी, माझ्या पायरीवर बसली आणि त्याला हाका मारत राहिली. हाकांमागं काही काम नव्हतं.