आईच्या डब्यातली गोळी

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर बऱ्याच केसेस विसरलो. पण एका औषध दुकानाच्या झडतीचा विषय निघाला, की आजही माझी मान खाली जाते.

मिरकरवाडा बंदरावरचा एक खलाशी फिट येऊन बोटीवरून समुद्रात पडला. सोबत्यांनी वेळेत ओढून काढला, म्हणून वाचला. त्याची बायको पोलीस ठाण्यात आली. "सायेब, गोळी एक दिवस चुकली नाय. मी सोता हातावर ठेवते. मग फिट आली कशी?"

तिच्याकडची गोळ्यांची पट्टी मी औषध निरीक्षकांना दाखवली. छपाई, बॅच नंबर सगळं बरोबर. त्यांनी गोळीचा मोबाईलवर अगदी जवळून फोटो घेतला आणि कंपनीच्या अस्सल गोळीच्या फोटोशी ताडून पाहिला. साच्यामुळे गोळीवर उमटणारा बारीक खरखरीतपणा जुळेना. "हा नुसता इशारा. पुरावा प्रयोगशाळेचा," ते म्हणाले. नमुने पाठवले. अहवाल आला: गोळीत औषधच नाही.

ती पट्टी विकणाऱ्या औषध दुकानदाराचा जबाब एकच होता. "मीही फसलो, साहेब. एजंटाने दिलं ते विकलं." तो रडलासुद्धा. मला ते जवळजवळ पटलं होतं.

पंचांसमक्ष दुकानाची झडती सुरू केली. मागेच त्याचं घर. आतून त्याची म्हातारी आई गोळ्यांचा डबा घेऊन आली.

"माझ्या पण तपासा हो. मलापण फिटचीच गोळी आहे, याच्याच हातची. तो लबाड असता तर आईला दिली असती का?"

"आई, तू आत जा!" तो ओरडला. तोवर त्याने एकदाही आवाज चढवला नव्हता.

निरीक्षकांनी तिच्या गोळीचा फोटो घेतला. "ही अस्सल दिसते."

"बघा! मी सांगितलं ना?" म्हातारीचा चेहरा उजळला.

मी दुकानदाराकडे वळलो. "आईच्या गोळ्या कुठून आणता?"

 तो खाली बघत म्हणाला, "कोल्हापूरहून. वेगळ्या."

म्हातारीला समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे तुला माहीत होतं?" तिने विचारलं. त्याने पाठ फिरवली. तिने पदर तोंडावर ओढला आणि डबा माझ्यापुढे सरकवला. "ह्या त्या दर्यावरच्या माणसाला द्या."

"आजी, ह्या पुरावा म्हणून जप्त कराव्या लागतील," मी म्हणालो. माझाच आवाज मला नकोसा झाला.

त्याने कबुली दिली, पुढे एजंटही सापडला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. पण ज्याने गुन्हा केला, तो गाडीत बसताना ताठ होता. तोंड लपवत होती ती आई. त्यानंतर कुठल्याही घराची झडती घेताना मी आरोपीच्या आईवडिलांना आधी दुसऱ्या खोलीत बसवू लागलो.