खिंडीचा उतार

आमच्या शेठनी ती बायसिकल विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतली, तेव्हा ती चालवायची कशी हे कल्याणात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. साहेबी वस्तू दारात असावी एवढीच शेठची हौस. पावसाळाभर ती लाकडाच्या वखारीत सागाच्या ओंडक्यांना टेकून उभी होती. मी वखारीतला कारकून, अंगात रग आणि डोक्यात भुसा. खाडीकाठच्या मैदानात गुडघे फोडून घेत मी ती शिकलो. मग शेठ मला तिच्यावरून जंगलातली लाकूडतोड बघायला पाठवू लागले. माझ्यासारखा सुखी माणूस तेव्हा अख्ख्या तालुक्यात नसेल.

मुरबाडच्या सडकेवरून डावीकडे एक वाट फुटत असे. ओंडक्यांच्या गाड्यांसाठी जंगलातून नवीनच काढलेली, तांबड्या मुरुमाची. दोन्ही बाजूंना साग, ऐन आणि मधूनच एखादा पळस. चढ असा की बायसिकल ढकलत न्यावी लागे. पण खिंड ओलांडली की पलीकडे उतार लागे, आणि त्या उतारासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. त्या बायसिकलचे पायडल चाकाबरोबर फिरतच राहायचे, थांबायचे म्हणून नाहीत. म्हणून उताराला पाय वर घेऊन पुढच्या चाकापाशी काढलेल्या दोन खुंट्यांवर ठेवायचे आणि गाडी सोडून द्यायची. खाली मुरूम करकरायचा, पानगळीचा पाचोळा दोन्हीकडे उडायचा, डोळ्यांतून पाणी यायचं.

हे सगळं मी माईंना सांगत असे. माई म्हणजे माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई. माझी माणसं दूर कोकणात, त्यामुळे दोन्ही वेळचं जेवण त्यांच्याकडे. त्यांनी उभ्या जन्मात बैलगाडीपलीकडे काही पाहिलं नव्हतं, पण उताराची गोष्ट त्यांना रोज नवी लागे.

"पाय वर घेतलेस?" त्या विचारायच्या.

"घेतले."

"मेल्या, एक दिवस तोंड फोडून येशील," असं म्हणून त्या माझ्या भातावर आणखी तूप वाढायच्या.

फाल्गुनात माईंच्या नातीचं लग्न ठरलं. नवऱ्या मुलाचं गाव खिंडीच्या पलीकडे, आणि लग्न तिथेच. सिंहस्थ तोंडावर आलेलं. एकदा ते लागलं की वर्षभर लग्नं बंद, आणि मुलीकडची माणसं आधीच काळजीत होती. नेमक्या त्याच आठवड्यात माईंना ताप भरला. त्यांचा मुलगा, आम्ही त्याला दादा म्हणायचो, जायलाच तयार होईना. माईंनीच त्याला हाकलला. "कन्यादान बापानं करायचं असतं. मला काय धाड भरली आहे?" घरात माई, त्यांची विधवा जाऊ आणि शेजारी मी, एवढेच मागे राहिलो.

लग्नाच्या दिवशी सकाळी वैद्यांनी नाडी धरली आणि बाहेर येऊन म्हणाले, "मुलाला बोलवा." माईंच्या जाऊबाई, म्हणजे आमच्या काकू, माझ्याकडे बघत राहिल्या. सांगायची गरजच नव्हती. मी बायसिकल काढली. आत जाऊन म्हटलं, "माई, दादाला घेऊन येतो." माईंनी डोळे उघडले, मान हलवली.

सडकेनं सरळ गेलो असतो तर लांब पडलं असतं. खिंडीची वाट जवळची, असं मी मनाशी म्हटलं. ती जवळची होतीच. पण ती दुसरी कुठली असती तर मी इतक्या लगबगीनं तिचा हिशेब केला नसता, हेही तितकंच खरं.

सूर्य माथ्यावर यायच्या आत मी खिंडीत होतो. पाय वर घेतले आणि सुटलो. अर्धा उतार झाला नाही तोच समोरून ओंडक्यांची गाडी वर येताना दिसली. ब्रेक दाबावा लागला, पाय खाली टेकावे लागले, सगळी मजा गेली. राहिलेला उतार रडतखडत उतरलो. खाली ओढा होता. त्याच्या पलीकडे थोडीशी वाट तुडवली की लग्नाचं गाव.

तिथे उभा राहून मी मागे वर पाहिलं. गाडी खिंडीपलीकडे दिसेनाशी झाली होती. उतार मोकळा पडला होता, पळस पेटले होते. मला वाटलं, असा कितीसा वेळ लागणार? आपण तर अपेक्षेपेक्षा लवकरच आलोय. एकदाच, नीट.

मी बायसिकल ढकलत पुन्हा खिंडीत गेलो. त्या चढावर मला माईंची आठवणही झाली नाही. झाली असती आणि तरी चढलो असतो तर निदान पापी तरी म्हणवून घेता आलं असतं. मी नुसता हावरा होतो.

दुसऱ्या वेळी गाडी अशी सुटली की काय सांगू. आणि वळणावर पाचोळ्याखाली लपलेल्या चाकोरीत पुढचं चाक अडकलं. मी उठून बसलो तेव्हा चाकाचा द्रोण झाला होता आणि माझा घोटा टरटरून सुजत होता. बायसिकल तिथेच टाकून लंगडत का होईना पुढे व्हावं, हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण शेठची वस्तू जंगलात कशी सोडायची? मी ती खांद्यावर घेतली आणि दर दहा पावलांवर बसत निघालो.

मांडवापाशी पोचलो तेव्हा गोरज मुहूर्त लागला होता. मंगलाष्टकं चालली होती. कुणीतरी माझ्याही हातात अक्षता दिल्या. मी त्या टाकल्या, आणि मग दादाला बाजूला घेऊन निरोप सांगितला.

त्यानं कन्यादान तेवढं उरकलं आणि गाडी जुंपली. मीही त्याच गाडीत, बायसिकलसकट. गाडी गावाबाहेर पडली. मग दादा म्हणाला, "कधी निघालेलास?"

"सकाळीच."

"आणि आत्ता पोचलास."

"चाक वाकलं, दादा. खिंडीत पडलो."

त्यानं चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कळलं मला. दुपारी येऊन सांगितलं असतंस तर मी तसाच निघालो असतो. व्याही अपशकुन म्हणून हटले असते. पुढे सिंहस्थ. पोरीचं लग्न राखलंस तू. चाकाचं निमित्त चांगलं काढलंस."

मी तोंड उघडलं. खरं सांगायला एवढंच पुरे होतं की मी उतार दोनदा उतरलो. तेवढे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

पहाटे पोचलो. माई आदल्या संध्याकाळी, दिवेलागणीला गेल्या होत्या. दादा उंबऱ्यातच बसला.

त्यानंतर मी त्या आळीत शहाणा माणूस ठरलो. दादा येईल त्याला सांगायचा, या मुलानं स्वतःचा पाय मोडून घेतला पण मुहूर्त टळू दिला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. कुणी हसून पाहिलं तरी मला वाटे, याला कळलंय. जेवण मी दुसरीकडे लावलं. कारण विचारलं तर म्हणायचो, माईंची आठवण येते. लोकांना तेही कौतुकाचंच वाटलं.

माईंच्या वर्षश्राद्धाला नात सासरहून आली होती. मला बोलावणं आलं, टाळता आलं नाही. जेवणं झाल्यावर ती वाकून माझ्या पाया पडली, आणि दादानं तीच गोष्ट पुन्हा काढली. काकू दाराशी सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांना आता कमी ऐकू येई, पण माझं नाव निघालं एवढं त्यांना कळलं असावं.

"याचीच वाट बघत होत्या जाऊबाई," त्या म्हणाल्या. "सारख्या दाराकडे बघायच्या. दुपारी मी म्हटलं, जाऊबाई, दमा जरा, लांब आहे ते. तर चक्क हसल्या. म्हणाल्या, लांब कसलं? आता उताराला लागला असेल मेला. पाय वर घेतले असतील त्यानं."

सगळे गहिवरले. दादानं डोळे पुसले.

माईंचं बरोबर होतं. दुपारी मी उतारावरच होतो, पाय वर घेऊन. दुसऱ्यांदा.