कोरड्या वाळूवरचा नारळ

हिंगणीच्या बाकावरच्या मंडळींनो,

समुद्र पाहायची खरी किंमत ऐका: दोन रात्री आगगाडी, एक दिवस एसटी आणि बायकोची धरलेली कंबर. ‘समुद्र पोहून येतो’ असं तुम्हाला सांगून निघालेला मी आज नारळी पौर्णिमेला रत्नागिरीच्या वाळूवर उभ्यानेच पेंगत होतो.

बोर नदीवर ठेवतो तशी भाकरी-ठेच्याची शिदोरी, चपला आणि बायकोचा नवसाचा नारळ कोरड्या वाळूवर ठेवला, आणि आम्ही वर सावलीत टेकलो.

“अहो, पाणी जवळ येऊन राह्यलं.”

“काठ कधी चालते काय? झोप तू.”

डोळे उघडले तर सगळं पाण्यात गेलेलं. पोराच्या तापात समुद्राला बोललेला नवस होता. बायकोचा चेहरा पाहवेना. शेजारची कोळीण हसली. “भरती ती, दादा. नारळ पोचला की ज्याचा त्याला!” तेव्हा कुठे बायको हसली.

भरतीचं तुमच्यापैकी कोणाला ठाऊक होतं? मग मले सांगितलं काऊन नाई?

आणि हो, समुद्रात मी उतरलो तो घोट्यापर्यंत, तेही चपला शोधायला.