मोळी उचलायची अट

चतुराबाईला छावणीत आणून सोडलं ते बैलांसाठी. दिवाळी झाली तसा तिचा मुलगा सुग्रीव बायकोला घेऊन ट्रकच्या टोळीत ऊस तोडायला गेला. दुष्काळाचं साल. गावात ना कडबा होता ना पाणी. बैलजोडी लिंबागणेशच्या रस्त्यावरच्या चारा छावणीत बांधली, पण दावणीला माणूस हवं, असा तिथला नियम. घरात उरलेलं माणूस एकच होतं, एकाहत्तर वर्षांचं, गुडघ्यांनी बसवलेलं. सुग्रीवनं जाताना बैलांच्या पाठीवर हात फिरवला आणि आईला म्हणाला, "ध्यान दी."

"कुणाकडं?" चतुराबाईनं विचारलं.

तोवर तो पिशवी खांद्याला मारून निघाला होता.

छावणीत तिच्यासारखे पुष्कळ होते. धडधाकट माणसं उसाला गेली आणि प्रत्येकानं आपली जनावरं आणि आपलं म्हातारं एकाच दावणीला आणून बांधलं. दर मंगळवारी जनावरांचा डॉक्टर यायचा, खूर बघायचा, तोंड उघडून बघायचा. माणसांचा डॉक्टर तीन महिन्यांत एकदाही फिरकला नाही. एका मंगळवारी चतुराबाईनं बैलाच्या शेजारी आपला पाय पुढं केला.

"आजी, मी जनावरांचा डॉक्टर आहे."

"मग मी बी खुंट्यालाच हाय की."

डॉक्टर तरुण होता. हसला, पण गुडघा दाबून पाहिला. चालत राहा म्हणाला, बसून राहाल तर पाय आखडतील. डोक्यावर मात्र वजन घ्यायचं नाही, बिलकूल.

चालणं तर होतंच. बैल दिवसातून दोनदा हौदावर न्यायचे, आणायचे, शेण काढायचं. शेजारच्या दावणीची सारजाबाई भाकरी थापायची, चतुराबाई दोघींच्या जनावरांचं शेण काढायची. चाऱ्याला ऊसच यायचा. त्याची मोळी दोघी मिळून पोत्यावर आडवी घालायच्या आणि ओढत न्यायच्या. घरी चतुराबाई बाजेवरून उठायला भिंत धरायची, इथं भिंतच नव्हती. संक्रांतीपर्यंत तिला भिंतीची आठवणही राहिली नाही. दोन वेळा गरम खाणं, भांडायला माणूस आणि पायाला काम, एवढ्यावर तिची तब्येत सुधारली. हे तिला कळत होतं आणि ते कुणाला सांगायचं नाही, हेही कळत होतं.

मग पलीकडच्या रांगेतला एक म्हातारा खुंट्याला अडकून पडला. मांडीचं हाड मोडलं. तालुक्याहून विचारणा आली. छावणी गावच्या सोसायटीची आणि सोसायटीचे चेअरमन मोहनराव. पांढरे कपडे, पांढरे बूट, धुळीत रोज पुसलेले. दुसऱ्या दिवशी ते दावणीदावणीनं फिरले.

"उद्यापास्नं साठीच्या वरच्यानं आपल्या जनावरांची मोळी एकट्यानं न्यायची. डोक्यावर. जमलं तर राहा, न्हाईतर जनावरं सोडा आन् घरी जा. इथं मेलंबिलं कोणी तर मी कुठं तोंड दाखवू?"

"जनावरांना धडधाकट माणूस पायजे म्हणा की," चतुराबाई म्हणाली.

"पायजेच."

"ते समदे उसात गेलेत. मागं ऱ्हायलेले तुमीच एकटे."

आजूबाजूचे म्हातारे खोकल्यासारखं हसले. मोहनरावांनी तिच्याकडं नीट पाहिलं.

"तोंड धडधाकट हाय तुझं, मावशे. गुडघ्याचं बोल. सकाळी पयला नंबर तुझा."

संध्याकाळी तिनं सारजाबाईच्या मोबाइलवरून सुग्रीवला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं.

"मग गावातल्या आसारामला सांगतो, बैल बाजारात नेऊन इकून टाकंल. तू घरी पडून ऱ्हा."

"पडून?"

"मग काय करनार हाईस या वयात?"

तिनं फोन सारजाबाईच्या हातात दिला.

"नको उचलू," सारजाबाई म्हणाली. "डाक्टर काय बोलला इसरलीस का?"

"घरी गेले तर बाजंवरून तिरडीवरच जाईन. गप ऱ्हा."

सकाळी उसाचा ट्रक आला. माल उतरवायला मागं फळी लावलेली. मोहनराव खुर्ची टाकून बसले. चतुराबाईनं पदराची चुंबळ केली, गुडघ्यात वाकली. ट्रकवरच्या दोघांनी मोळी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. मान आत गेल्यासारखी झाली, पण पाठ ताठ राहिली. तीस हंगाम ऊस तोडलेली बाई होती ती. ओझं डोक्यावर बसलं आणि पाय चालू लागले.

पण चालले ते उलट्या दिशेनं. दावण डावीकडं होती आणि चतुराबाई सरळ ट्रककडं निघाली. तीस वर्षं मोळी डोक्यावर आली की पुढं ट्रकच असायचा, ती ट्रकमधून कधी उतरवायची नसायची. ती फळीवर चढली. अर्ध्यावर गेल्यावर समोर भरलेला ऊस दिसला आणि ती थांबली.

"बघा," मोहनराव म्हणाले. "उतरलेला माल परत भरायलीय. हिच्या भरवशावर जनावरं सोडता व्हय? डोकं गेलंय म्हातारीचं. बैल सोडा हिचे."

कुणीही हललं नाही. चतुराबाई फळीवर उभी होती. चढणं तिला पाठ होतं. ओझं घेऊन उतरणं तिनं जन्मात केलं नव्हतं. तिनं वळायचं टाळलं. एक पाय मागं टाकला, फळी चाचपली, दुसरा टाकला. तिसऱ्या पावलाला उजव्या गुडघ्यात काहीतरी सरकलं. ते तिला ऐकू आल्यासारखं वाटलं. ती खाली आली, वळली, दावणीकडं न जाता खुर्चीपर्यंत चालत गेली आणि मान कलती करून मोळी सोडून दिली. मोळी मोहनरावांच्या पांढऱ्या बुटांवर पडली.

"चढवून दावली, उतरवून बी दावली," ती म्हणाली. "आता दावनीपर्यंत कोण नेतंय ते तू बघ."

मोहनराव पाय ओढून घेत उठले. सगळी छावणी बघत होती. शब्द त्यांचाच होता आणि माणसं त्यांचीच मतदार होती.

"ऱ्हा," ते म्हणाले. "पर एकदा जरी पडलीस, त्याच दिवशी बाहेर."

मंगळवारपर्यंत गुडघा तांब्याएवढा झाला होता. सारजाबाई हळद लावत होती आणि शिव्या देत होती. चतुराबाईचे बैलही हौदावर आता तीच नेत होती. डॉक्टर आला तेव्हा मोहनराव त्याच्या मागंच होते. चतुराबाई बैलाच्या वशिंडाला धरून उभी होती. लुगडं तिनं घोट्यापर्यंत सोडलं होतं.

"आजी, गुडघा काय म्हणतोय?"

"बरा हाय," ती म्हणाली. "बैलाचं बघा."