लवू राजाची काळोखातली दुर्बीण

लवू गावकराला अमेरिकेने घातक माणूस ठरवलं, हे सांगितलं की लोक आधी हसतात. हसा मेल्यांनो. मी त्याच्या कंपनीत पायपेटी वाजवायचो, मला नाही हसू येत.

आमची कंपनी म्हणजे दशावताराची. दिवाळी सरली की मालवण-कुडाळकडच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि रोज नव्या गावात रात्रभर नाटक. लवू आमचा राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा. घरी थोडी भातशेती, शाळा चौथीपर्यंत. पण एकदा तोंडाला रंग लागला आणि मुकुट चढला की मामलेदारसुद्धा त्याच्याशी अदबीने बोलायचा. युद्ध तर असं करायचा की पुढे बसलेल्या बाया पोरांना मागे ओढायच्या.

आमच्याकडची एक रीत सांगतो. 'पार्ट केला' असं आमचे लोक म्हणत नाहीत. सकाळी हॉटेलात चहा पिताना लवू सरळ सांगायचा, "काल जरासंधाक मारलंय, आज अंग दुखता." ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. त्याचं वाटोळं या बोलण्यानेच केलं.

चाळिशीच्या आतच त्याला रात्री दिसेनासं झालं. मुंबईच्या डॉक्टरने सांगितलं, डोळ्यामागचा पडदा खराब होत चाललाय, यावर औषध नाही. गॅसबत्तीच्या उजेडात त्याला दिसायचं. पण रंग लावायची जागा असायची धर्मशाळेत नाहीतर देवळाच्या मागे, आणि तिथून रंगमंचापर्यंत सगळा काळोख. एका जत्रेत आमचा राजा दगडाला ठेचकाळला आणि मुकुटासकट लोकांच्या अंगावर जाऊन पडला. लोक खो खो हसले. मी मालकांना, म्हणजे बाबलीशेठना म्हटलं, त्याला हाताला धरून आणत जाऊ. तर म्हणाले, "राजाक कोण हाताक धरून आणता? परत पडलो तर राजपार्ट दुसऱ्याक देतलंय." त्या दिवसापासून लवू जीव मुठीत धरून रंगमंचावर जायचा.

लवूचा भाचा सत्यवान अमेरिकेत डोळ्यांच्या इस्पितळात कामाला होता. शहाऐंशी साली त्याने कळवलं, रात्री न दिसणाऱ्यांसाठी इथे हातात मावणारी दुर्बीण निघालीय, डोळ्याला लावली की नुसत्या चांदण्यांच्या उजेडात वाट लख्ख दिसते. लवू तर आनंदाने वेडा व्हायचा बाकी राहिला. पण ती दुर्बीण मुळात सैन्यासाठी केलेली. देशाबाहेर पाठवायची तर तिथल्या सरकारचा परवाना हवा. त्यासाठी मामाने स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायचं होतं, आपण कोण आणि रात्री या दुर्बिणीचं काय करणार.

लवूने हायस्कुलातल्या गुरुदास मास्तरांना बोलावलं. सरकारी काम म्हणून शुद्ध मराठीत सांगायला लागला, "मी राजा आहे. रात्रभर युद्ध करतो. काळोखात मला दिसत नाही. ही दुर्बीण मिळाली तर मरेपर्यंत लढेन." मास्तरांनी शब्दाला शब्द लावून त्याचं इंग्रजी केलं. मास्तर इथलेच, लहानपणापासून जत्रेत जागलेले, त्यांना काय खटकणार? ओसरीवर बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. लवूची बायको सावित्री डोळे पुसत म्हणाली, "बरां सांगितलास."

माणूस घातक दिसतो म्हणून परवाना नाकारला. बरं, तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. तिथून इथे कुणी कुणाला काय कळवलं देव जाणे, पण एका दुपारी जीपमधून दोन साहेब लवूच्या घरापुढच्या खळ्यात उतरले.

"तुमची संघटना कुठली? कुणाशी लढता?"

लवूच्या तोंडचं पाणी पळालं. तरी खरं तेच बोलला, "परवा जरासंधावांगडा लढलंय. सोमवारी दुर्योधन आसा."

"हत्यारं कुठे ठेवता?"

"पेटीत."

सावित्री आतून धावत आली. "नाटकात लढतत, सायबानू! नाटकात!"

पेटी उघडली. लाकडाच्या तलवारी, मोरपिसं, मणी गळालेल्या माळा. साहेबांची हसून हसून मुरकुंडी वळली. चहा प्यायले, एकाने तर तलवार कमरेला लावून मिशीला पीळ दिला. मी म्हटलं, साहेब, आता खात्री पटली ना, मग दुर्बिणीचं तेवढं वरती कळवाल? म्हणाला, "ते आमच्या हातात नाही." धुरळा उडवत जीप गेली.

सत्यवानाने पुन्हा अर्ज केला की मामा नट आहे आणि आजारी आहे. उत्तर आलं, नाटकासाठी सैनिकी सामान देता येणार नाही. बघा! लढणारा म्हटलं तर घातक, नट म्हटलं तर फालतू. माणसाला नुसतं रंगमंचापर्यंत चालत जायचं होतं हो! आणि सत्यवानाने पुढे लिहिलं होतं की तिकडचे हौशी लोक रानडुकरांच्या शिकारीसाठी तसलीच दुर्बीण दुकानातून घेऊन जातात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "शिरा पडांदे तेंच्या कायद्यार!" मी ओरडलो.

त्याच हंगामात तो परत पडला. बाबलीशेठनी शब्द पाळला, राजपार्ट काढून घेतला. वर मोठे उपकार केल्यासारखे म्हणाले, "तू धृतराष्ट्र कर. बसान बोलाचा. आंधळ्याक हाताक धरून आणल्यार कोण हसाचो नाय."

पोटासाठी लवू तयार झाला. तोवर गॅसबत्तीखालचंही त्याला धूसर दिसू लागलं होतं. मीच त्याला धरून नेऊन बसवलं आणि पायपेटीवर येऊन बसलो. दुर्योधनाला जवळ घ्यायचा प्रसंग आला. लवूने हात पुढे केले, दुर्योधन होता डावीकडे, आणि हा उजवीकडची हवा चाचपत राहिला. पोराला शोधत, शोधत. माझी बोटं पेटीवर थांबली. आणि समोरून टाळ्यांचा कडकडाट झाला. "काय आंधळो केल्यान रे!" मागून कोणीतरी ओरडलं, तसे लोक आणखी चेकाळले.

नाटक संपल्यावर लवू तोंडावरचा रंग पुसत होता. मी पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला.

"आयुष्यभर लढलंय," तो म्हणाला, "अशी टाळी कधी पडली नाय."