दुसऱ्या अंकातली गैरहजेरी

आरोपीने स्वतः साक्ष द्यायला उभं राहू नये, असं माझं वकिलीतलं ठाम मत आहे. कायद्याने गप्प बसायची मुभा दिलीय, तर बसावं की! पण चिमूरकडचा हा माझा अशील पेशाने शेतकरी आणि रक्ताने नट. धान घरात आलं की आमच्याकडे गावोगाव नाटकांचे मंडप पडतात, आणि त्याच्या गावच्या नाटकात खलनायक म्हणजे तोच. तो कुठला गप्प बसतोय!

आरोप असा होता: दुसऱ्या अंकात तो मंचावरून मधेच निघून गेला, आणि हरभरा राखत शेतात बसलेल्या शेजाऱ्याचं डोकं त्याने काठीने फोडलं. दोघांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जुनं वाकडं होतं. मारणारा अंधारात दिसला नव्हता, म्हणून सारा खटला एका प्रश्नावर येऊन अडला होता.

"भाऊ, मधेच का गेलात?" मी दहादा विचारलं.

"बाई, तो अभिनय होता," एवढंच उत्तर.

साक्षीच्या दिवशी त्याने शपथ घेतली आणि न्यायाधीशांकडे पाठ करून बाकांवरच्या लोकांकडे तोंड केलं. "मी निर्दोष आहो!" आवाज असा खणखणीत की बाहेरचा शिपाई आत डोकावला. न्यायाधीश म्हणाले, "इकडे बघून बोला." मग त्याने इकडे बघून हात उंचावला. मी कपाळाला हात लावला. माणूस इतका खोटा दिसू शकतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

सरकारी वकील उठले. "दुसऱ्या अंकात तुमचं लांबलचक भाषण होतं. ते न म्हणताच आत का गेलात?"

"ते मौन होतं साहेब. लोकायनं टाळ्या पिटल्या, बक्षिसं देल्ली."

"आणि आत जाऊन काय करत होतात?"

त्याचा उंचावलेला हात खाली आला. चेहरा पडला. माझ्याही मनात आलं, संपलं, यानेच फोडलं डोकं.

मग तो अगदी साध्या, घोगऱ्या आवाजात बोलला. "भाषण इसरलो होतो, साहेब. एक शब्द नाई आठवला. भेवानं आत पळालो. प्रॉम्प्टरजवळ बसून लहान पोरावानी पाठ करत होतो. रडलो बी. कोनाले सांगू नको म्हणून त्याले शपथ घातली होती."

बाकांवर त्याचं अर्धं गाव बसलं होतं. त्याच्या त्या मौनाचं गावाने केवढं कौतुक केलं होतं! कुणीतरी फिसकन हसलं. मला इतका राग आला की त्या हसणाऱ्याला उचलून बाहेर काढावंसं वाटलं.

पुढच्या तारखेला प्रॉम्प्टरनेही तेच सांगितलं. शपथ तुटली म्हणून तोही नाराजच होता. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं, की आरोपीने आधी लपवलं ते गुन्ह्यापायी नव्हे, लाजेपायी. खोटं बोलून आपल्या गावासमोर एवढी नाचक्की कुणी ओढवून घेत नाही. निर्दोष सुटका.

कोर्टाच्या आवारात मी त्याला सगळा निकाल मोठ्या हौसेने वाचून दाखवला. निदान हसेल तरी, असं वाटलं होतं. तो मान खाली घालून उभा.

"बाई, मी भाषण इसरलो, ते यात लिवलं हाये?"

"आहे की! त्याच्यावरच तर सुटलात."

"मंग वरच्या कोर्टात जाऊ," तो म्हणाला. "सुटका राहो नाई राहो. तेवढं काढाले लावा."