भिंतीवरचे वेंडलर सर

वेंडलर सर गेल्याचं मला कोलोनच्या ट्राममध्ये कळलं. त्यांच्या बायकोचा, इंगेचा फोन होता. "सकाळी गेले, त्रास झाला नाही," म्हणाली. आणि पुढे, "शोकसभेला ये. बाकीचे काय बोलणार ते मला आत्ताच माहीत आहे..."

सर पूर्व जर्मनीतले गणिती. पुण्याहून मी त्यांच्याकडे पीएचडीला गेले तेव्हा दोन जर्मनींमधली भिंत पडून कितीतरी वर्षं झाली होती, तरी त्यांच्या दारावर 'प्रोफेसर' ही पाटी नव्हती. भोचकपणे मी कारण विचारलं. "कम्युनिस्ट पक्षात गेलो नाही, म्हणून परदेशी परिषदांना पाठवलं नाही. मग भिंत पडली, पश्चिमेकडून समिती आली. त्यांनी विचारलं, परदेशी परिषदांना का गेला नाहीत?" 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', असं स्वतःशीच म्हणून ते कॉफी ढवळत बसले. समितीने 'आंतरराष्ट्रीय संपर्क नाही' असा शेरा मारून त्यांना कंत्राटी नोकरीवर ठेवलं होतं. आधी एकाने पाय बांधायचे आणि मग दुसऱ्याने पळत का नाहीस म्हणून विचारायचं! या अकलेचं काय लोणचं घालायचं? सरांना मात्र त्याचं काही नव्हतं. "बळी पडायला वेळ कुठे होता, मी काम करत होतो," म्हणायचे, आणि ते खरंही होतं. एखादी सिद्धता जमली की हा माणूस दिवसभर शीळ घालत फिरायचा.

त्या समितीतलेच एक गृहस्थ पुढे संस्थेचे संचालक झाले. शोकसभेत तेच बोलले. "हुकूमशाहीने एका प्रतिभावंताचं आयुष्य गिळलं," असं म्हणताना त्यांनी रुमालाने डोळेही टिपले. समितीबद्दल चकार शब्द नाही. पुढच्या रांगेतले म्हातारे गंभीर माना हलवत होते. त्यातल्या निम्म्यांच्या खिशात एके काळी पक्षाचं कार्ड होतं, पण आता विचाराल तर पक्षात कोणीच नव्हतं. एवढा मोठा पक्ष बहुधा टेबलखुर्च्याच चालवत असाव्यात. मला अशा लोकांची कीव येत नाही, किळस येते.

मग संस्थेने कॉरिडॉरमध्ये प्रदर्शन मांडलं. इंगेकडून मागून नेलेला सरांचा फोटो 'हुकूमशाहीचे बळी' या मथळ्याखाली लागला. इंगेची मागणी एवढीच होती की, भिंत पडल्यावर काय झालं तेही खाली एका ओळीत लिहा. तिच्या वतीने मी संचालकांना भेटले. "आल्झो... म्हणजे असं की, शाळेची मुलं बघायला येणार आहेत," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "त्यांना एकच सरळ गोष्ट लागते."

"खोटी असली तरी?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी इंगे स्वतःच आली आणि सरळ कॉरिडॉरमध्ये जाऊन तिने खिळ्यावरून फोटो उतरवला. संचालक धावत आले. फ्राउ वेंडलर, पत्रिका छापून झाल्यात, उद्या उद्घाटन आहे, असं काहीबाही सांगत राहिले. इंगे फोटो मफलरमध्ये गुंडाळत म्हणाली, "तुमचा बळी तुम्ही ठेवा. माझा नवरा मला द्या." आवाज जरासुद्धा चढला नव्हता. मला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आता तो फोटो तिच्या स्वयंपाकघरात आहे. गेल्या आठवड्यात मी गेले होते. फोटोत सर फळ्याशी पाठमोरे उभे आहेत, हातात ओला स्पंज, अर्धा फळा पुसलेला, अर्ध्यावर त्यांचं बारीक अक्षर. पुसलेला फळा वाळेपर्यंत वर्गात कोणी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता. तेवढा वेळ फक्त विचार करायचा. मी हे सांगितलं तेव्हा इंगेने फोटोतल्या फळ्यावर बोट ठेवलं.

"पुसलेल्या भागात पुढे काय लिहिणार होते?" तिने विचारलं. उभ्या संसारात तिने त्यांना गणितातलं काही विचारलं नव्हतं. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली, एक कागद घेतला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागले.